‘स्टॉकिंग लॉरा’: सिनेमा, खरी घटना आणि त्यानंतरचे कायदे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या सिनेमाबद्दल आणि त्यामागच्या, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल इथे एका सहकाऱ्याने एका स्त्रीचा पिच्छा पुरवल्याच्या खऱ्या घटनेबद्दल येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सिनेमा, मग खरी घटना आणि शेवटी कॅलिफोर्नियातला कायदा, असा क्रम आहे. सिनेमा अजून पाहिला नसेल तर प्रश्न २ पासून पुढे शेवट कळतो. घटनेतून वाचलेल्या स्त्रीचा उल्लेख आम्ही फक्त ‘लॉरा’ असा करतो. पूर्ण नाव जुन्या बातम्यांत आहे, पण ते पुन्हा पुन्हा छापायची गरज नाही.

१. सिनेमा एकच आहे की दोन? कुठे ‘आय कॅन मेक यू लव्ह मी’ लिहिलेलं असतं, तर कुठे ‘स्टॉकिंग लॉरा’.

एकच. फेब्रुवारी १९९३ मध्ये अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर तो ‘आय कॅन मेक यू लव्ह मी’ या नावाने दाखवला गेला. नंतर व्हिडिओवर ‘स्टॉकिंग लॉरा’ हे नाव जास्त चाललं. दिग्दर्शक मायकेल स्वित्झर. लॉराच्या भूमिकेत ब्रुक शील्ड्स आणि तिचा पिच्छा पुरवणाऱ्या रिचर्ड फार्लीच्या भूमिकेत रिचर्ड थॉमस आहेत. ‘द वॉल्टन्स’ मालिकेतला सालस जॉन-बॉय म्हणून थॉमस घराघरांत माहीत होते आणि त्याच चेहऱ्याचा इथे उपयोग झाला आहे. हा माणूस पहिल्या भेटीत भीतिदायक वाटत नाही, आणि ते बरोबरच आहे.

दोन नावांपैकी दुसरं अधिक प्रामाणिक आहे. पहिल्या नावात गुन्हेगार बोलतो, दुसऱ्यात गुन्ह्याला नाव मिळतं: स्टॉकिंग, म्हणजे कुणाचा सतत पिच्छा पुरवणं.

२. गोष्ट कितपत खरी आहे? प्रत्यक्षात काय आणि कधी घडलं?

मुख्य घटना खऱ्या आहेत. नौदलातली नोकरी संपवून फार्ली १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल इथल्या ईएसएल या कंपनीत सॉफ्टवेअर तंत्रज्ञ म्हणून लागला. ईएसएल ही संरक्षण खात्याची इलेक्ट्रॉनिक्सची कामं करणारी, टीआरडब्ल्यू समूहातली कंपनी. एप्रिल १९८४ मध्ये त्याची लॉराशी ओळख झाली. ती २२ वर्षांची इंजिनिअर होती, तो ३५ वर्षांचा. तिने त्याला नकार दिला. पुढच्या चार वर्षांत त्याने तिला सुमारे २०० पत्रं लिहिली, वारंवार फोन केले, तिच्या एरोबिक्सच्या वर्गात नाव घातलं, घराजवळ घिरट्या घातल्या. तिने अनेकदा घर बदललं, तरी तो नवा पत्ता मिळवत राहिला.

१९८५ च्या शरद ऋतूत तिने कंपनीकडे मदत मागितली. मे १९८६ मध्ये त्याला कामावरून काढलं. त्यानंतरही पावणेदोन वर्षं त्याने तिचा पिच्छा पुरवला. जानेवारी १९८८ च्या अखेरीस तिच्या गाडीच्या काचेवर एक चिठ्ठी आणि तिच्याच घराच्या किल्लीची नक्कल सापडली. २ फेब्रुवारीला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. तिच्यापासून ३०० यार्ड, म्हणजे साधारण २७५ मीटर दूर राहायचं आणि संपर्क करायचा नाही, असं त्यात होतं. पुढची सुनावणी १७ फेब्रुवारीला होती.

१६ फेब्रुवारी १९८८ च्या दुपारी तो अनेक बंदुका आणि हजाराहून अधिक काडतुसं घेऊन ईएसएलच्या इमारतीत शिरला. सात जणांचा जीव गेला आणि लॉरासह चार जण जखमी झाले. लॉराच्या खांद्यात गोळी लागली होती. ती वाचली.

सिनेमा ही चार वर्षं दीड तासात आवळतो. त्यामुळे सगळं भराभर वाढत गेलं असं वाटतं. प्रत्यक्षात ते संथ होतं. मधले कित्येक महिने काहीच ‘मोठं’ घडलं नाही, आणि आजूबाजूच्यांनी त्याला हलकं घेण्याचं एक कारण हेही होतं.

३. म्हणजे ही एकतर्फी प्रेमाची गोष्ट का?

नाही. हा शब्द इथे लावू नये असं आम्हाला ठामपणे वाटतं. ‘एकतर्फी प्रेमातून हल्ला’ म्हटलं की वाक्याचा कर्ता प्रेम होतो आणि माणूस मागे लपतो. फार्लीने काय केलं ते पाहा. कंपनीतल्या ओळखी वापरून तिची माहिती काढली, तिच्या किल्लीची नक्कल केली, नोकरी आणि घर जाण्याचा दोष पत्रांतून तिच्यावर टाकला. यात तिला काय हवं आहे याचा विचार कुठेच नाही. सगळा खटाटोप तिच्या आयुष्यावर ताबा मिळवण्याचा आहे. त्या दोघांमध्ये कधीही नातं नव्हतं. कायद्याच्या दृष्टीनेही हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो (प्रश्न ११ आणि १६ पाहा).

४. तिने सुरुवातीलाच स्पष्ट नकार द्यायला हवा होता ना?

तिने दिला होता, एकदा नव्हे, अनेकदा. अशा माणसाला नकार ऐकू येत नाही असं नाही. तो त्याला वाटाघाटीची सुरुवात समजतो. म्हणून या विषयात काम करणारे लोक नकाराच्या शब्दांपेक्षा नकारानंतरच्या वागण्यावर जास्त भर देतात.

नकार एकदाच, कारण न देता द्यावा. ‘सध्या मला कुणाशी नातं नकोय’ यातला ‘सध्या’ तो धरून ठेवतो. ‘मला तुमच्याशी कोणताही संपर्क नको’ एवढं पुरे. त्यानंतर उत्तर द्यायचं नाही, रागावूनसुद्धा नाही. तीस फोन दुर्लक्षून एकतिसावा उचलला, तर एकतीस फोन केले की ती बोलते, एवढंच तो शिकतो. समजूत घालायला मित्र किंवा भाऊ पाठवणं हीही नेहमीची चूक आहे. त्याच्या लेखी तो निरोपच असतो, म्हणजे संपर्क चालूच आहे.

५. कंपनीने काय केलं? कुठे कमी पडली?

काहीच केलं नाही असं म्हणणं चूक ठरेल. एचआरने त्याला ताकीद दिली, समुपदेशनाला जायला भाग पाडलं, शेवटी काढून टाकलं. तो समुपदेशनाला जात राहिला आणि त्रासही देत राहिला.

अशा प्रकरणांत व्यवस्था सहसा तीन ठिकाणी फसते. पहिलं ठिकाण म्हणजे माहितीची गळती. पत्ता, फोन, सुट्ट्यांचं वेळापत्रक, टेबलाच्या किल्ल्या अशा गोष्टी सहकारी सहज देऊन टाकतात, कारण विचारणारा माणूस ओळखीचा असतो. तक्रार आली त्याच दिवशी तिच्या फाइलवर कुलूप बसलं पाहिजे आणि रिसेप्शन, सफाई कर्मचारी, आयटी या सगळ्यांना ‘तिची कोणतीही माहिती कुणालाही द्यायची नाही’ एवढी एक ओळ कळली पाहिजे.

दुसरं ठिकाण ताकीद. ताकिदीमागून ताकीद येते, पण दरवेळी परिणाम शून्य. ‘पुन्हा झालं तर’ असं लिहिलं असेल तर पुन्हा झाल्यावर तेच करावं लागतं.

तिसरं ठिकाण सर्वांत धोक्याचं. काढून टाकलं म्हणजे प्रकरण संपलं, असं समजलं जातं. फार्लीने नोकरीवर असतानाच बंदुकांचा उल्लेख करून धमकावलं होतं. असा माणूस नोकरीबाहेर गेला की कंपनीची त्याच्यावरची नजर सुटते, त्याचं लक्ष मात्र तिथेच राहतं. निरोप देण्याच्या दिवसाआधीच ओळखपत्र बंद करणं, त्याचा फोटो गेटवर देणं, तिच्या पार्किंगची जागा बदलणं आणि पुढचे किती महिने कोण लक्ष ठेवणार हे नाव घेऊन ठरवणं, हे झालं पाहिजे.

६. चार वर्षं पोलीस काय करत होते?

त्यांच्या हातात फारसं काही नव्हतं. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात, किंबहुना अमेरिकेतल्या कोणत्याही राज्यात, स्टॉकिंग नावाचा गुन्हाच नव्हता. पत्र लिहिणं गुन्हा नाही, सार्वजनिक रस्त्यावर उभं राहणं गुन्हा नाही, जिममध्ये नाव घालणं गुन्हा नाही. एकेक कृती सुटी पाहिली तर निरुपद्रवी, आणि कायदा त्यांना सुटंच पाहत होता. सगळ्या मिळून काय चित्र तयार होतं, हे विचारणारं कलम १९९० मध्ये आलं (प्रश्न ९ आणि १०).

७. मनाई हुकूम मागितला म्हणूनच तो चिडला. मग तो मागायलाच नको होता का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि सिनेमा पाहून तो पडणं साहजिक आहे. तारखाही तसंच सुचवतात: २ तारखेला हुकूम, १७ ला सुनावणी, १६ ला हल्ला. या दोन आठवड्यांत त्याने नवी शॉटगन घेतली. हुकूम रद्द व्हावा म्हणून आपल्यात नातं असल्याचा ‘पुरावा’ही त्याने तिच्या वकिलांकडे पाठवला.

पण हुकमाआधी काय झालं होतं? त्याच्याकडे तिच्या घराची किल्ली होती. काही केलं नसतं तर ती सुरक्षित राहिली असती, हे मानायला काहीही आधार नाही. यातून घ्यायची गोष्ट एवढीच की हुकूम बजावल्यापासून सुनावणीपर्यंतचे दिवस सर्वाधिक जोखमीचे असतात. नोकरी जाणं, घर जाणं, खटला हरणं अशा ज्या क्षणी त्याची पकड सुटते त्या प्रत्येक क्षणाला हेच लागू होतं. म्हणून अर्ज करण्याआधीच त्या दिवसांची आखणी करावी. रात्री कुठे राहायचं, ऑफिसला कळवायचं का, कुलूप आणि रोजचा रस्ता कधी बदलायचा, हुकमाच्या प्रती कुणाकुणाकडे द्यायच्या, हे सगळं आधी ठरलेलं असावं.

१७ फेब्रुवारीला लॉरा हॉस्पिटलमध्ये असताना कोर्टाने तिचा हुकूम कायम केला.

८. सँडविचचा प्रसंग खरा आहे? आणि फार्लीचं पुढे काय झालं?

खरा आहे. पोलिसांशी पाच तास बोलणी चालली आणि शेवटी सँडविच आणि सॉफ्ट ड्रिंकच्या मोबदल्यात तो शरण आला. या तपशिलाला लोक देतात तेवढं महत्त्व देण्यासारखं त्यात काही नाही.

खटला १९९१ मध्ये चालला. गोळ्या झाडल्याचं त्याने नाकारलं नाही. आपल्याला फक्त तिच्यासमोर आत्महत्या करायची होती, खून ठरवून केले नाहीत, असा बचाव होता. ज्युरीने तो मानला नाही. २१ ऑक्टोबर १९९१ रोजी सातही खुनांत तो पहिल्या दर्जाच्या, म्हणजे ठरवून केलेल्या, खुनाचा दोषी ठरला आणि १७ जानेवारी १९९२ रोजी त्याला मृत्युदंड सुनावला गेला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी शिक्षा कायम केली. मात्र त्या राज्यात २००६ नंतर एकाही मृत्युदंडाची अंमलबजावणी झालेली नाही आणि २०१९ पासून राज्यपालांची स्थगिती आहे.

९. स्टॉकिंगचा कायदा एका अभिनेत्रीच्या खुनामुळे आला असं वाचलं. मग या घटनेमुळे आला हे कसं?

दोन्ही बरोबर आहे. जुलै १९८९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रेबेका शेफर या अभिनेत्रीचा तिच्या घराच्या दारात खून झाला. मारेकरी तिचा पिच्छा पुरवणारा चाहता होता. तिचा पत्ता त्याने खासगी गुप्तहेरामार्फत मोटार वाहन विभागाच्या नोंदींतून मिळवला होता. सनीव्हेलची घटना, हा खून आणि ऑरेंज काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) मनाई हुकूम हातात असताना मारल्या गेलेल्या स्त्रिया, या सगळ्यांच्या दबावाखाली कायदेमंडळाने १९९० मध्ये पीनल कोडचं, म्हणजे राज्याच्या दंडसंहितेचं, कलम ६४६.९ मंजूर केलं. ते १ जानेवारी १९९१ पासून लागू झालं. देशातला हा पहिला स्टॉकिंग कायदा. काही वर्षांतच इतर सगळ्या राज्यांनी आपापले कायदे केले.

फार्लीला हे कलम लावलं गेलं नाही. गुन्हा घडला तेव्हा ते नव्हतंच.

१०. आज कॅलिफोर्नियात स्टॉकिंग नेमकं कशाला म्हणतात? उघड धमकी दिली नसेल तर?

कलमात तीन गोष्टी लागतात. हेतुपुरस्सर, दुष्ट बुद्धीने वारंवार पाठलाग किंवा छळ, विश्वासार्ह धमकी, आणि समोरच्या व्यक्तीला स्वतःच्या किंवा जवळच्या कुटुंबीयांच्या सुरक्षिततेची भीती वाटावी असा हेतू. थोडक्या काळात घडलेल्या दोन कृतीही पुरतात, फक्त त्यांमागे एकच सलग हेतू दिसला पाहिजे.

‘मी तुला मारेन’ असे शब्द लागत नाहीत. वागण्याच्या एकूण पद्धतीतून सूचित होणारी धमकी चालते, आणि फोन, ईमेल, मेसेज यांतूनही ती येऊ शकते. धमकी खरी करण्याचा त्याचा इरादा होता हेही सिद्ध करावं लागत नाही. आजच्या कलमाखाली काचेवरची ती किल्ली कुणी साधी वस्तू म्हणून सोडून दिली नसती.

शिक्षा एक वर्षापर्यंत काउंटी तुरुंग, हजार डॉलरपर्यंत दंड, किंवा राज्य कारागृह. मनाई हुकूम असताना हेच केलं तर दोन, तीन किंवा चार वर्षं. अपवाद म्हणून विचारला जाणारा एक प्रश्न: आरोपी आधीच तुरुंगात असेल तर? तरीही खटला भरता येतो. तुरुंगातून पाठवलेली पत्रंही धमकी ठरू शकतात.

११. मनाई हुकूम आज कसा मिळतो?

आधी योग्य प्रकार निवडा, कारण गल्लत इथेच होते. त्याच्याशी कधी प्रेमसंबंध, लग्न किंवा जवळचं नातं असेल तर कौटुंबिक हिंसेचा अर्ज, म्हणजे फॉर्म डीव्ही-१००. लॉरासारखं काहीच नातं नसेल तर नागरी छळाचा अर्ज, सीएच-१००. हा तुमच्यासाठी तुम्हीच करता. कंपनीने करायचा अर्ज वेगळा आहे (प्रश्न १२).

फॉर्म भरून काउंटीच्या सुपिरिअर कोर्टात द्यायचा. स्टॉकिंग, हिंसा किंवा हिंसेची धमकी असेल तर फी नसते. तात्पुरत्या हुकमाचा निर्णय बहुधा त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी होतो आणि सुनावणी साधारण २१ दिवसांत लागते. कागद त्या व्यक्तीच्या हातात द्यावे लागतात, आणि देणारा १८ वर्षांवरचा, या प्रकरणात पक्षकार नसलेला माणूस हवा. तुम्ही स्वतः देऊ शकत नाही. स्टॉकिंगच्या प्रकरणात शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, हे विनामूल्य करतो. सहसा सुनावणीच्या किमान पाच दिवस आधी बजावणी झाली पाहिजे.

सर्वाधिक अर्ज इथे अडकतात. तो सापडत नाही, तारीख येते आणि अर्जदार कोर्टात जातच नाही. तसं करू नका. बजावणी झाली नसेल तर सीएच-११५ भरून नवी तारीख मागा, म्हणजे तात्पुरता हुकूमही पुढे चालू राहतो. सुनावणीला ‘स्पष्ट आणि पटणारा’ पुरावा लागतो (प्रश्न १४). मंजूर झालेला हुकूम पाच वर्षांपर्यंत टिकतो.

१२. जिला त्रास होतोय त्या कर्मचारी स्त्रीने अर्ज करायचा नाही म्हटलं तर कंपनी करू शकते का?

हो. नागरी प्रक्रिया संहितेच्या कलम ५२७.८ खाली मालक कर्मचाऱ्यासाठी अर्ज करू शकतो, फॉर्म डब्ल्यूव्ही-१००. १९९५ पासून ही सोय आहे. २०२५ पासून कामगार संघटनेचा प्रतिनिधीही अर्ज करू शकतो, आणि हिंसा किंवा धमकी नसली तरी छळ हे कारण पुरतं. हुकूम तीन वर्षांपर्यंतचा.

मात्र अर्जाआधी तिला विचारावं लागतं, आणि आपलं नाव नको असं ती म्हणू शकते. तिने नकार दिला तरी इतर कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठी कंपनी अर्ज करू शकते. तिला अंधारात ठेवून अर्ज करणं बेकायदा तर आहेच, शिवाय धोकादायक. प्रश्न ७ मधली आखणी मग कोण करणार?

१३. त्याच्याकडे बंदुका असतील तर?

वरच्या दोन्ही प्रकारच्या हुकमांत बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई येते. बजावणीनंतर २४ तासांत ती पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि ४८ तासांत पावती कोर्टात द्यायची. ही पावती आली का, हे स्वतः कोर्टाच्या क्लार्ककडे विचारा. आपोआप कुणी तुम्हाला कळवेल असं धरून चालू नका.

बंदुकांपुरता वेगळा हुकूमही आहे. २०१६ पासून पोलीस आणि कुटुंबीय, आणि सप्टेंबर २०२० पासून मालक व सहकारी जीव्ही-१०० भरून तो मागू शकतात. सहकाऱ्याला मात्र त्या व्यक्तीशी किमान वर्षभराचा नियमित संबंध आणि मालकाची संमती लागते. या हुकमाने तो तुमच्यापासून दूर राहील असं नाही, फक्त बंदुका जातात. दूर ठेवण्यासाठी प्रश्न ११ किंवा १२ मधला हुकूम वेगळा मागावा लागतो.

१४. पुरावा कसा ठेवायचा?

एक वही किंवा फाइल, तीही त्याच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नको. प्रत्येक घटनेसाठी तारीख, वेळ, ठिकाण, काय झालं, कोणी पाहिलं, काय जपून ठेवलं, पोलिसांत दिलं असेल तर तक्रारीचा क्रमांक. आपल्याला काय वाटलं हे वेगळ्या ओळीत लिहा, कारण कलम ६४६.९ मध्ये भीतीलाही महत्त्व आहे.

पत्र पाकिटासकट ठेवा, टपालाच्या शिक्क्यावर तारीख असते. मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दोन्ही दिसू द्या. भेटवस्तू किळसवाणी वाटली तरी फेकण्याआधी फोटो काढा, शक्यतो वस्तूच पोलिसांकडे द्या. ‘एवढं काय लिहायचं’ असं वाटणाऱ्या घटनाच बहुतेक वेळा साखळीतले दुवे ठरतात. प्रश्न ६ मधली जुनी अडचण यानेच सुटते.

१५. घर बदललं तरी तो पत्ता शोधतो. काय करता येतं?

कॅलिफोर्नियाचा सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याच्या निवडणुका आणि नोंदी पाहणारा अधिकारी) ‘सेफ ॲट होम’ हा कार्यक्रम चालवतो. त्यात तुम्हाला पर्यायी टपाल पत्ता मिळतो आणि सरकारी कार्यालयांना तो मान्य करावा लागतो. स्टॉकिंगचे बळी यात बसतात. नाव नोंदवण्याची योग्य वेळ घर बदलण्याआधी किंवा बदलताना आहे. नवा खरा पत्ता बँक, वीज, मासिकं, ऑनलाइन खरेदी यांत एकदा पसरला की मागे घेता येत नाही. वाहन विभागाच्या नोंदी (प्रश्न ९) आता पूर्वीइतक्या उघड नाहीत. १९९४ च्या संघीय कायद्याने त्यांवर देशभर निर्बंध आणले. तरी खासगी माहिती विकणाऱ्या साइट्स उरतातच, आणि तिथून नाव काढण्याची विनंती करावी लागते.

१६. कामाच्या ठिकाणच्या हिंसेचे चार प्रकार सांगतात. फार्ली कोणत्या प्रकारात बसतो? आम्ही चौथा धरला होता.

तिसऱ्यात. १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियातल्या बहुतेक मालकांना लेखी प्रतिबंध योजना, घटनांची नोंदवही आणि दरवर्षी प्रशिक्षण बंधनकारक आहे. त्यात पहिला प्रकार कामाशी संबंध नसलेल्या माणसाचा, दुसरा ग्राहक किंवा रुग्णासारख्यांचा, तिसरा आजी-माजी कर्मचाऱ्याचा आणि चौथा तिथे काम न करणाऱ्या, पण कर्मचाऱ्याशी वैयक्तिक नातं असलेल्या माणसाचा. फार्ली माजी कर्मचारी होता आणि लॉराशी त्याचं कोणतंही नातं नव्हतं. चौथ्यात टाकलं तर नोंदवहीतच त्याचं म्हणणं खरं ठरतं.

नोंदवहीत संबंधित व्यक्तींची ओळख पटेल असं काही लिहायचं नसतं, आणि ती पाच वर्षं जपायची असते. दहापेक्षा कमी माणसं असलेली आणि जनतेला प्रवेश नसलेली जागा, तसंच स्वतः निवडलेल्या ठिकाणाहून दूरस्थ काम करणारे कर्मचारी या नियमातून वगळले आहेत. घरून काम करणाऱ्याचा पिच्छा सहकारी पुरवत असेल तर ही योजना लागू होत नाही, पण कलम ६४६.९ आणि प्रश्न ११ व १२ मधले हुकूम तसेच लागू राहतात.